व्याह्यांना दिलेला पाट

अबोलीच्या लग्नात आनंदरावांकडे एकच काम सोपवलेलं होतं, ते म्हणजे मधे मधे न येणं. आचारी, मांडववाला, फोटोवाला हे सगळं त्यांच्या मुलाने, स्वानंदने, मोबाइलवर ठरवून टाकलं होतं. साड्या आणि आहेर हे खातं पत्नी प्रमोदिनीबाईंचं. इंदापूरचं कार्यालय तर खुद्द नवरीनेच जाऊन पसंत केलं होतं. राहता राहिले आनंदराव. बारामतीच्या एका शाळेत उभी हयात भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी अंघोळ करून तयार व्हायचा आणि मग दिवसभर जिथे उभा राहील तिथून त्याला कोणीतरी "जरा बाजूला होता का?" म्हणायचं. बाजूला होता होता ते जिन्याखाली, चपलांच्या कपाटाशेजारी येऊन स्थिरावले होते. इथे तरी आपण कोणाच्या वाटेत नाही असं त्यांना वाटत होतं, पण चपला घ्यायला लोक यायचेच.

थकवा कामाने येतो असा एक गैरसमज आहे. बिनकामाचा थकवा काय असतो ते लग्नघरातल्या मुलीच्या बापाला विचारावं.

तशात त्यांच्या कानावर तात्यांचं वाक्य आलं. तात्या म्हणजे अबोलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचे, सोनबारावांचे, थोरले भाऊ. मंडळी पळसदेवची. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरणारं घर. आता उजनीच्या पाण्यावर ऊस, थोडं डाळिंब आणि दारात ट्रॅक्टर. मुलगा समर्थ आणि अबोली बारामतीच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत होते. ती प्रयोगशाळेत, तो खरेदी विभागात. दोघांनी आपापसात ठरवलं, मग घरी सांगितलं, मग दोन्ही घरांत रीतसर अबोला, रडारड आणि मध्यस्थी होऊन शेवटी सगळे हो म्हणाले. तात्यांनी मात्र हो म्हणता म्हणता एक वाक्य टाकलं होतं. ते आता कुठे समर्थकडून स्वानंदकडे गेलं आणि स्वानंदच्या पोटात काहीच राहत नसल्यामुळे त्याच संध्याकाळी आनंदरावांपर्यंत पोचलं.

"मानसं ग्वाड हायती," तात्या म्हणाले होते. "च्या देतील, खुर्ची देतील. पर आपल्याला पाट देनार न्हाईत."

हे आनंदरावांना फार लागलं. खरं म्हणजे त्या घरात पाट कोणालाच मिळत नव्हता. जेवायला टेबल होतं आणि त्या टेबलावरही आनंदरावांच्या वाट्याला डुगडुगणारी खुर्ची होती. पण हे पळसदेवला जाऊन सांगणार कोण? आणि सांगून पटणार कोणाला? अबोलीला त्या घरात नांदायचं होतं. उद्या आमटी खारट झाली, परवा ती उशिरा उठली, की तात्या ओसरीवरून म्हणणार, पाट न देणाऱ्यांची पोरगी. एका लाकडाच्या फळीवरून आपल्या मुलीला जन्मभर टोमणे बसणार या कल्पनेने आनंदरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. लग्नात आपल्याला एक तरी काम मिळालं, हे मात्र जेवणानंतर त्यांच्या लक्षात आलं.

माळ्यावरून दोन जुने पाट निघाले. दोन्ही काळे पडलेले, एकाचा पाय हलत होता. शेजारचे मानसिंगराव लगेच कंपाउंडवरून डोकावले. मानसिंगराव पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते आणि खात्याने जरी त्यांना सोडलं असलं तरी त्यांनी देखरेख सोडलेली नव्हती.

"ऑइलपेंटच मारा, सर," ते म्हणाले. "पाण्यातला रंग म्हणजे नुसतं पाणी. आणि तीन हात मारा. लाकूड पितं."

दुकानदाराने डबा देताना सांगितलं होतं, की एक हात मारला की दिवसभर वाळू द्यायचा, मगच दुसरा. पण लग्न तीन दिवसांवर आलं होतं आणि पाट दोन होते, तेव्हा आनंदरावांनी तिन्ही हात एका दुपारीच उरकले. कुंकवासारखा लाल रंग. त्यातला निम्मा पाटांनी घेतला, बाकीचा आनंदरावांनी. दोन्ही तळहात लाल झाले, उजवा कल्ला लाल झाला आणि चष्म्याच्या काडीवर एक ठिपका बसला. प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

"हे काय?"

"रंग."

"ते दिसतंय. धुऊन टाका आधी."

आनंदराव हो म्हणाले, पण त्यांनी हात नुसते वर्तमानपत्राला पुसले. आल्या-गेल्याने विचारलं तर "जरा पाट रंगवत होतो, लग्नाची कामं, दुसरं काय" असं म्हणायची सोय त्या हातांमुळे झाली होती. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून कोणीतरी काही विचारत होतं. ती संधी साबणाने धुऊन टाकणं त्यांच्या जिवावर आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पाटांवर बोट टेकवून पाहिलं. बोटाला काही आलं नाही. दुधावर साय धरावी तसा वरचा थर छान धरला होता. सायीखाली दूध असतं हे आनंदरावांना माहीत होतं, पण ते दुधाच्या बाबतीत.

त्याच सकाळी सोनबाराव आणि त्यांच्या पत्नी सारजाबाई उष्टी हळद घेऊन आले. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ती पोचवायची, आणि ऊन उतरायच्या आत परत पळसदेवला पोचायचं, कारण तिकडे देवक बसायचं होतं आणि घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या दोन्ही घरांनी एकमेकांच्या पद्धतींचा जबरदस्त धसका घेतलेला होता. चुकून अपमान होऊ नये म्हणून दोघंही समोरचा करेल ते निमूट करत आणि समोरचा देईल ते निमूट घेत. साखरपुड्याला पळसदेवात आनंदरावांना फेटा बांधला होता. तो कधी उतरवायचा हे कोणी सांगितलं नाही, म्हणून ते तो घालूनच भिगवणमार्गे बारामतीला आले आणि घरी आल्यावरही रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही, न जाणो फोन आला तर. उलट सोनबाराव पहिल्यांदा इथे जेवायला आले तेव्हा प्रमोदिनीबाईंनी रीतीप्रमाणे ताटात आधी मीठ वाढलं. सोनबारावांनी ते बोटाने चाटून संपवलं. ज्या अर्थी आधी वाढलं त्या अर्थी आधी खायचं असणार. प्रमोदिनीबाईंना वाटलं, यांच्यात मीठ खायची पद्धत असेल. त्यांनी आणखी वाढलं. सोनबारावांनी तेही संपवलं.

तर सारजाबाई हळदीची वाटी घेऊन आत अबोलीकडे गेल्या, आणि बाहेरच्या खोलीत आनंदरावांनी पाट मांडला. मानसिंगराव साक्षीला होतेच. ते निमंत्रणाशिवायच असत.

"सोनबाराव, खुर्ची नको," आनंदराव जरा मोठ्यानेच म्हणाले. "या, पाटावर या."

सोनबाराव पाटाकडे बघतच राहिले. लालभडक, चकचकीत, चार कोपऱ्यांना तांदळाची चिमूट. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा असा तो उंचापुरा माणूस एकदम ओशाळला.

"एवढं कशापाय, पाव्हनं? आमी घरचीच मानसं हाव."

"छे छे. तुमचा मान आहे."

चपला काढून सोनबाराव अनवाणी पाटावर उभे राहिले. प्रमोदिनीबाईंनी ओवाळलं. मग दोन्ही हात पाटावर टेकून ते खाली बसले आणि त्यांनी मांडी घातली. बसता बसता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आनंदरावांना वाटलं, माणूस गहिवरला. ते स्वतःही थोडे गहिवरले.

मग चहा झाला. पोहे झाले. मानसिंगरावांनी उजनीचं पाणी यंदा किती दिवस टिकेल यावर आपलं ठाम मत दिलं. सोनबाराव इतके ताठ बसले होते, की हा माणूस जन्मतःच पाटावर बसलेला असावा असं वाटावं. शेवटी ते "आता निघतो" म्हणून उठले, आणि त्यांच्याबरोबर पाटही उठला.

तो वीतभर वर आला, क्षणभर थांबला आणि खाडकन खाली आपटला. सोनबारावांच्या धोतरावर मागच्या बाजूला पाटाचा नकाशा उमटलेला होता. तळपाय लाल, तळहात लाल.

"थांबा, म्या कडंनं जातो," असं म्हणून ते कडेकडेने भिंतीपाशी गेले. त्यांच्या मागे नव्या पांढऱ्या फरशीवर लाल पावलं उमटत गेली. गौरी आणताना काढतात तशीच, फक्त मापाने बरीच मोठी.

"अहो, रंग ओला आहे हे तुम्हाला कळलं नाही का?" आनंदराव कसेबसे म्हणाले.

"कळलं की. बसल्या बसल्या गार लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्यात वल्या कुक्वावर बसवायची पद्धत हाय," सोनबाराव खाली बघत म्हणाले. "एवढ्या मानानं बसिवलं, आन् उठावं कसं?"

आनंदराव भिंतीला टेकले. त्यांना रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं, आणि रागवणार तरी कोणावर? डोळ्यांसमोर पळसदेवचा वाडाभर पाहुणा उभा राहिला. मधोमध तात्या. आणि भरल्या घरात सोनबाराव लाल पायांनी, लाल बुडाने शिरताहेत. तात्या म्हणणार, बघा, पाट दिला, पण कसा दिला! आपण नुसता पाट दिला नसता तरी एक वेळ चाललं असतं. आता हे वाक्य अबोलीच्या नातवंडांपर्यंत जाणार.

"बाबा, काय झालं?" आतून अबोलीचा आवाज आला. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी होती आणि तिला जागेवरून हलायची मनाई होती.

"काही नाही गं बाळा, तू बस," आनंदराव म्हणाले, आणि नवरीच्या मनाला त्रास नको म्हणून त्यांनी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

मग उपायांना सुरुवात झाली. मानसिंगराव कंपाउंडवरून उडी मारून, म्हणजे या वयात जेवढी मारता येते तेवढी मारून, घरी गेले आणि थिनरची बाटली घेऊन आले. "पाच मिनिटांत साफ," ते म्हणाले. "आम्ही कालव्याची फाटकं रंगवली तेव्हा हेच वापरलं."

सोनबारावांनी पाय पुढे केला. टाचेला भेगा होत्या, चांगल्या खोल. ते पाहून आनंदराव मधे पडले. व्याह्यांच्या अंगावर कुठलाही प्रयोग आधी स्वतःवर केल्याशिवाय करायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं. झाल्या प्रकाराची ही शिक्षा आपण घेतलीच पाहिजे, असंही त्यांच्या मनात असावं. त्यांनी फडक्यावर थिनर ओतून स्वतःच्या तळहातावर घासलं. रंग थोडा निघाला. त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणी निघालं, आणि मनगटापाशी आधी गार, मग गरम, मग निखारा ठेवल्यासारखं झालं. पाहता पाहता तिथली कातडी रंगापेक्षा लाल झाली.

"आग होतेय म्हणजे काम करतंय," मानसिंगराव म्हणाले.

"तुमच्यावर करून बघू का?" आनंदरावांनी विचारलं. मानसिंगरावांनी बाटलीचं बूच लावलं.

समोरच्या राजलक्ष्मीकाकूंचं पार्लर होतं. त्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याची चिमुकली बाटली घेऊन धावत आल्या आणि सोनबारावांचे तळपाय पाहून दारातच थबकल्या. "एवढ्याला माझ्या दुकानातलं सगळं आणलं तरी पुरायचं नाही," त्या म्हणाल्या. तरीही आनंदरावांनी एक बोट पुढे केलंच. बोट पांढरंफटक आणि कोरडं ठाक पडलं. कोणीतरी रॉकेल सुचवलं. रॉकेल आता कोणाच्या घरी असतं, यावर मोठी चर्चा झाली, रॉकेल मात्र मिळालं नाही. मग कोणीतरी स्कूटरमधून पेट्रोल काढायला निघालं, तेव्हा मागच्या अंगणात भट्टीवर बुंदी पाडत असलेला आचारी झारा घेऊन पुढे आला.

"ओ, हितं शेगडी पेटलीय माझी! पेट्रोल आणाल तर लग्न सोडा, गल्ली ऱ्हायची न्हाय."

पेट्रोल परत गेलं. मानसिंगरावांनी हार मानली नव्हती. ते पॉलिश पेपर घेऊन आले. "झिरो नंबरचा आहे, एकदम मऊ," असं म्हणून त्यांनी तो सोनबारावांच्या टाचेजवळ नेला. सोनबारावांनी डोळे मिटून घेतले. हीसुद्धा इथली एखादी पद्धत असेल असंच त्यांना वाटत असणार, हे ओळखून आनंदरावांनी तो कागद हिसकावून घेतला.

"बाबा! बाबा, ऐका ना!" दाराआडून अबोली.

"काही नाही बेटा, सगळं ठीक आहे!"

इकडे स्वानंद डब्यावरच्या मदतीच्या नंबरावर फोन लावून बसला होता. मराठीसाठी दोन दाबून, संगीत ऐकून, पुन्हा दोन दाबून शेवटी एक बाई बोलू लागली. तिने आधी लग्नघराचा पिनकोड घेतला.

"रंग कुठे लावला आहे, सर? लाकूड, लोखंड की भिंत?"

"माणूस," स्वानंद म्हणाला.

पलीकडे बटणांचा आवाज झाला. "सर, माणूस हा पर्याय येत नाहीये. मी 'इतर' टाकू का?"

"टाका."

"रंग लावण्याआधी जागा घासून कोरडी केली होती का?"

स्वानंदने सोनबारावांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मग वॉरंटी बसणार नाही, सर. तुमची तक्रार नोंदवली आहे. दोन ते तीन कामाच्या दिवसांत आमचा माणूस येऊन पाहणी करेल, तोपर्यंत ती जागा हलवू नका."

फोन बंद झाला. आनंदराव मोरीच्या उंबऱ्यावर बसले. एका हाताची आग होत होती, दुसऱ्याचं बोट बधिर होतं. समोर स्टुलावर सोनबाराव दोन्ही तळहात वर करून बसले होते. धोतर बदलून त्यांना आनंदरावांचा लेंगा दिला होता. तो त्यांना पोटरीपर्यंतच येत होता. जन्मात कुणापुढे वाकला नसेल असा हा माणूस आपल्या घरात असा बसलाय, आणि तेही आपण मान दिल्यामुळे. आनंदरावांना आता खरंच रडावंसं वाटलं. आपल्याला मधे येऊ नका म्हणत होते तेच बरोबर होतं, असं त्यांना वाटलं, आणि या वाटण्याने ते अधिकच थकले.

इतक्यात अबोलीच्या खोलीचं दार आतून धाडदिशी उघडलं. सारजाबाई बाहेर आल्या. हाताला हळद, पदर खोचलेला.

"किती येळ झाला, पोरगी घसा कोरडा करून वरडतीया," त्या म्हणाल्या. "हितं कुनी आयकतंय का तिचं? का समद्यांच्या कानात बी रंग गेलाय?"

मानसिंगरावांनी थिनरची बाटली पाठीमागे घेतली.

"ती त्याच कामाचा पगार घेती न्हवं? रसायनाचा? मग तिला इचारायचं सोडून ह्ये कालव्याचं फाटक घासत बसलाय व्हय? ती म्हंती, गोडं त्याल लावा. थिनर न्हाय, पेट्रोल न्हाय, घासायचं न्हाय. त्यालाचा रंग हाय, त्यालानं सुटतोय."

"खाण्याचं तेल?" मानसिंगराव दुखावलेल्या आवाजात म्हणाले. ज्याला वास नाही, ज्याने आग होत नाही, त्याला औषध म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

आनंदराव मात्र सारजाबाईंकडे बघत राहिले. आपल्या मुलीला आपण दार लावून गप्प केलं आणि तिचं म्हणणं ऐकलं ते तिच्या होणाऱ्या सासूने. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी बरंही वाटलं.

आचाऱ्याने कुरकुरत वाटीभर शेंगतेल दिलं. आता प्रश्न आला, लावणार कोण? आणि इथे एक अडचण होती. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांचे पाय धुवायचे, हा प्रकार या लग्नात अजिबात होणार नाही, असं अबोलीने दोन्ही घरांत बजावून सांगितलं होतं आणि दोन्ही घरांनी तिच्यापुढे मान डोलावली होती. सोनबारावांनी तेलाची वाटी स्वतःकडे ओढली. पण त्यांचे हातच रंगाने भरलेले. ते ज्याला हात लावत ते लाल होत होतं. वाटीही लाल झाली. शेवटी आनंदरावांनी वाटी घेतली आणि मोरीच्या उंबऱ्यावरून सरकून ते स्टुलाखाली बसले.

"न्हाय, न्हाय, पाव्हनं!" सोनबारावांनी पाय वर घेतले. "पायाला न्हाय हात लावू देनार. मला पाप लागंल. सूनबाई काय म्हनंल?"

"सूनबाई म्हंती, लावू द्या," दारातून सारजाबाईंनी निरोप दिला. "ती म्हंती, ही रीत न्हाय, ह्ये अवशीद हाय."

मग सारजाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि आतून येणारा शब्द न् शब्द बाहेर पोचवू लागल्या. तेल आधी नुसतं लावून ठेवा. जरा थांबा. आता बोटांनी हळू चोळा, भेगांवर जोर नको. मऊ फडक्यानं पुसा. परत तेल. कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा. आनंदराव सांगितलं तसं करत गेले. रंग आधी हलला नाही, मग मऊ पडला, मग तेलात विरघळून फडक्यावर यायला लागला. खाली पावलाचा मूळ रंग दिसू लागला. आनंदरावांनी शाळेच्या बक्षीस समारंभानंतर इतक्या समाधानाने कशाकडे पाहिलं नव्हतं. नखांच्या कडेला थोडा लाल राहिलाच. तो खरवडायचा नाही, चार दिवसांत आपोआप जाईल, असा आतून हुकूम आला.

"आता तुमचं हात द्या हिकडं," सोनबाराव म्हणाले. त्यांचे हात निघाले होते.

"माझे राहू द्या हो."

"द्या म्हन्तो न्हवं. भाजल्यालं हाय तितं त्याल न्हाय लावत, नुसतं पानी सोडतो. बाकीचं काढतो."

आणि मग तो उंचापुरा माणूस आखूड लेंग्यात खाली बसला आणि त्याने आनंदरावांचे हात आपल्या हातात घेतले. मनगटावर गार पाण्याची धार धरली, बराच वेळ. मग उरलेल्या तळहाताला तेल लावून बोटाबोटामधून ते लाल काढायला लागला. ते हात खरबरीत होते, पण चोळत होते ते फार जपून. चार दिवसांत आनंदरावांना कोणी बाजूला व्हा म्हटलं नव्हतं असा हा पहिलाच अर्धा तास असावा. दोघंही बोलत नव्हते. मानसिंगरावसुद्धा बोलत नव्हते, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

"एक इचारू का, पाव्हनं?" शेवटी सोनबाराव म्हणाले. "रोज पाटावरच जेवता व्हय तुमी?"

"नाही हो. टेबलावर. पाट माळ्यावरच होते."

"मग काढलं कशापाय?"

आनंदरावांनी खरं सांगून टाकलं. तात्या काय म्हणाले ते, ते आपल्यापर्यंत कसं आलं ते, आणि मुलीला त्यावरून कोणी बोलू नये म्हणून आपण तीन हात एका दुपारी कसे मारले तेही. सोनबाराव ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि आनंदरावांची करंगळी परत एकदा पुसली.

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्यातला फोन वाजला. सगळ्यांचे हात तेलकट, म्हणून सारजाबाईंनी तो काढला, पाहिला आणि कोपराने दाबून स्टुलावर ठेवला. मोठ्या आवाजावर.

"सोनबा!" खोलीभर आवाज घुमला. "आरं कुठं हाईस? देवक खोळंबलंय. आन् काय रं, बसिवलं का पाटावर, का खुर्चीवरच भागिवलं?"

आनंदरावांनी डोळे मिटले. फरशीवर अजून लाल पावलं होती, दोरीवर लाल धोतर होतं. आता हा सरळ माणूस खरं ते सांगणार, आणि खरं सांगितलं की संपलं.

"तात्या," सोनबाराव फोनकडे वाकून म्हणाले, "पाट तर दिलाच. त्या पाटाला सवता रंग दिला, आपल्या हातानं. मग बसिवलं, ववाळलं. आन् मग खाली बसून माझं पाय धुतलं, तात्या. न्हुसतं पानी न्हाय वतलं. गोडं त्याल लावून, हातानं चोळून, घटकाभर. आपल्या सात पिढ्यांत कुनाचं असं धुतलं न्हाईत."

खोटं एकही अक्षर नव्हतं. आनंदरावांनी डोळे उघडले.

पलीकडे तात्यांनी घसा खाकरल्याचं ऐकू आलं. बोलले तेव्हा आवाज निम्म्यावर आला होता.

"घटकाभर?"

"व्हय."

"त्याल लावून?"

"व्हय, तात्या."

"मानसं चांगली दिसत्यात," तात्या सावकाश म्हणाले. "म्या उगंच बोललो. पोरीला आपल्या जपाया पायजे." मग जरा थांबून, "सोनबा, आरं पर थोरला म्या हाय. तुजं धुतलं, आन् उद्या भर मांडवात माजं न्हाय धुतलं, तर चार लोकांत कसं दिसंल ते? शिवाय आपलं मधलं आबा हायती, मामा हायती, कळंबचं दाजी हायती. त्यास्नी आताच सांगतो म्या. त्याल जरा ज्यादा आना म्हनावं."

फोन बंद झाला.

सोनबारावांनी कपाळाला हात लावला. तो अजून तेलकट होता. "पाव्हनं, म्या काय बोलून बसलो ह्ये," ते म्हणाले. "म्या तात्याला वाटंला लावतो. तुमी नका मनावर घेऊ."

आनंदरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एका मनगटाला फोड यायच्या बेतात होती, नखं अजून लाल होती, आणि कंबर आत्ताच बोलायला लागली होती. तरीही चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास आला. पोरीला जपाया पायजे, हे तात्या बोलले होते, आणि ते भरल्या घरात बोलले होते.

"नको," ते म्हणाले. "येऊ द्या सगळ्यांना."

"बाबा!" आतून अबोली ओरडली. "अजिबात नाही! मी सांगितलं होतं ना, माझ्या लग्नात पाय धुणं नाही!"

सारजाबाईंनी निरोप पोचवायला तोंड उघडलं, आणि नवऱ्याकडे, व्याह्यांकडे, दोघांच्या तेलकट हातांकडे एकदा पाहून मिटलं. त्या आत गेल्या, आणि या वेळी अबोलीच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

"किती जण आहेत?" प्रमोदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"चार," सोनबाराव दबक्या आवाजात म्हणाले. "आन् एक आत्या हाय. पर ती पायाला हात लावू द्यायची न्हाय. ती न्हुसती बघाया बसंल, नीट धुत्यात का न्हाय ते."